चार किलवर

२ जून, सोमवार
काल क्लबात ब्रिजमध्ये पुन्हा नाक कापलं गेलं. आम्ही स्लॅमची बोली लावली, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. समोरच्यांनी चौकटचा एक्का आणि राजा मारून पहिले दोन हात नेले. खेळ खलास. चौकटचं मोठं पान आम्हा दोघांकडेही नव्हतं. चूक अर्थातच हिची.
घरी येताना ही म्हणाली, अठ्ठावीसची स्पर्धा शेवटची. तिथेही असंच झालं तर ती क्लबातल्या डेंटिस्टबरोबर खेळणार. त्याचा भिडू बदली होऊन गेलाय. एकोणीस वर्षं मी हिचा भिडू आहे. जेवण गेलं नाही.

३ जून
उपाय सापडला. पुस्तक, पान ११२. एकदा हुकूम ठरला, की पुढे बोललेला रंग खेळण्यासाठी नसतो. 'या रंगात माझा बंदोबस्त आहे', म्हणजे एक्का किंवा राजा आहे, एवढंच भिडूला कळवायचं. रंग गाळला, तर तिथे भोक आहे. इतकं सोपं, की हिलाही जमेल.

७ जून, शनिवार
हिला शिकवलं. वहीत उतरवून घेतलं तिने. दहा मिनिटांत म्हणाली, कळलं. ज्याअर्थी दहा मिनिटांत, त्याअर्थी कळलेलं नाही. मला चार दिवस लागले.

१२ जून, दुपार
ऑफिसात मनातल्या मनात सराव. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, आज काय पाठवायचं? तोंडून गेलं, चार चौकट. आमचा धंदा दारं-खिडक्यांचा म्हणून निभावलं. माल गेला कुठे, माहीत नाही.

१९ जून
घरी सराव. मी सहा वेळा चुकलो. मुद्दाम, तिची परीक्षा घ्यायला. तिने सहाही वेळा चूक दाखवली. पाठांतर आहे, समज नाही.
डेंटिस्ट दुकानात भेटला. तयारी कशी आहे विचारत होता. हसला तेव्हा सगळे दात दिसले.

२५ जून
ही गेली तर मला कोण घेणार? क्लबात माझ्याबरोबर दुसरं कुणी बसत नाही.
शेवटी तोड काढली. ऐन वेळी ही सगळं विसरणार. तेव्हा हिने किलवर म्हटलं, तर हातात खरंच किलवर आहेत असं धरून चालायचं. हिला सांगितलं नाही. उगाच गोंधळ नको.

२८ जून, शनिवार
शेवटचा डाव. हुकूम इस्पिक ठरला. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, राजा, राणी. चौकटचाही एक्का, राजा. ही म्हणाली, चार किलवर.
मी पास म्हणालो.
पुढे कुणीच बोललं नाही, म्हणून तीच बोली शेवटची ठरली आणि किलवर हुकूम झाला. खेळणारी ही, त्यामुळे माझे पत्ते टेबलावर उघडे. त्यात किलवर दोन. हिच्याकडे एकच, एक्का. समोरच्यांकडे दहा. दहा हात करायचे होते, चार झाले. बाकी सगळ्या टेबलांवर याच पत्त्यांत इस्पिकचा स्लॅम झाला होता. डेंटिस्ट मागे उभा होता. या वेळी हसला नाही.

२९ जून
सकाळी हिने शांतपणे विचारलं, काल माझी बोली तुम्हाला कळली नव्हती का? मीच शिकवलेलं मला कळणार नाही? स्पष्ट सांगितलं, कळली होती, पण तुझ्या लक्षात राहिलं असेल असं वाटलं नाही.
ती म्हणाली, कळली नसती तर पुढच्या वर्षीही तुमच्याबरोबर खेळले असते.

६ जुलै, रविवार
ही डेंटिस्टबरोबर क्लबात. मी घरी. मोकळा वेळ मिळाला, बरंच झालं. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं ठरवलं. पुस्तक ती घेऊन गेलीय.
तिची वही मात्र टेबलावर सापडली. सात जूनचं पान. माझे नियम, सुवाच्य अक्षरात. त्याखाली तिने स्वतःची एक ओळ घातली होती: 'हे काहीही वेड्यासारखं बोलले तरी त्यामागे कारण असणार असं धरायचं. पास म्हणायचं नाही.'
वही होती तिथे ठेवली. चार वाजलेत. ती सातला येईल.