ताराले घेऊन रत्नागिरीकडे

श्रीधर,

मी अन् तारा तिच्या माहेरी, रत्नागिरीकडे जाऊन राहिलो. तू ड्यूटीवरून घरी येशील तेव्हा आमची गाडी वर्धेच्या पुढं गेली असेल. घाबरू नको. वरण झाकून ठेवलं आहे, भात तेवढा लावून घे.

काल तिचा मामेभाऊ सांगून गेला, की तिचा बाप अंथरुणावर आहे अन् सारखं तिचं नाव घेऊन राहिला. तू म्हणाला, "दिवाळीत पाहू." तिनं आपल्या सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या, पण स्वतः जेवली नाही. आज सकाळी मी विचारलं, "जातं काय वं बापाले भेटाले?" तर म्हणे, "आई, अशा जड अंगानं तो घाट एकटी कशी उतरू?" म्हटलं, "एकटी कायले? मी येतो ना."

कोल्हापूरपर्यंत रेल्वे आहे. पुढं यष्टीनं घाट उतरायचा, अन् मग होडीतून खाडी ओलांडायची. समुद्र मी या जन्मात पाहिला नाही. पाण्याची भीती वाटते, पण तारा म्हणते, हात धरीन.

तुह्यावर राग नाही रे. पण तुह्या बाबांच्या वेळेस तू पोचला तेव्हा लोक स्मशानातून परतले होते. "माह्यासाठी काहून नाही थांबले?" असं तू मले विचारलं होतं. ताराले तसं कोणाले विचारावं लागू नये.

रजा मिळाली तर मागून ये. नाही मिळाली तरी ये.

आई