दोन सिनेमे आणि बाबांचा चष्मा

दादा,

या आठवड्यात दोन सिनेमे पाहिले. पहिल्यात म्हातारा बाप हॉस्पिटलमध्ये मरतो. सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि मी आपली सलाईनची बाटली किती खाली टांगलीय तेच बघत बसले. वीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर असल्या मरणाचं रडू येत नाही.

दुसरा निव्वळ विनोदी. एक आजोबा घरभर चष्मा शोधतात आणि तो असतो त्यांच्याच कपाळावर. लोक पोट धरून हसले. मला मात्र हुंदका आवरेना. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग शांतपणे गेले, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. खोटं होतं ते. बाबा गेले त्याच दिवशी दुपारी पत्र आलं. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "नको. दहा वर्षांनी लिहिलंय त्यानं, माझं मी वाचेन. चष्मा दे आधी." चष्मा काही सापडेना. मला ड्युटीला उशीर होत होता. मी खेकसले, "उद्या शोधू! पत्र काय पळून जातंय?"

वॉर्डात पोचले आणि युनिफॉर्मच्या खिशात हात घातला. पुसायला म्हणून मीच घेतला होता चष्मा.

घरी परतले तेव्हा बाबा खुर्चीतच गेले होते. तुझं पाकीट हातात होतं, बंदच. चोळून चोळून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

ते मी अजून फोडलेलं नाही. हे पत्रही त्याच्याच शेजारी ठेवते.

तुझी,
चिमणी