मी सूचना ऐकली होती

दि. ३ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
नभांगण वैमानिक प्रशिक्षण संस्था

विषय : माझा खोटा जबाब रद्द करून खरा जबाब नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : माझे दि. १७ व २४ नोव्हेंबरचे अर्ज.

महोदय,

मी, शीतल मुंजाजी खिल्लारे, रा. शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली, आपल्या संस्थेची प्रशिक्षणार्थी, तिसऱ्यांदा अर्ज करते की,

१. दि. ६ नोव्हेंबर रोजी एकटीने उड्डाण करून उतरताना माझा वेग जास्त राहिला व विमान धावपट्टीवर आपटून उसळले. कडेला रेडिओ घेऊन उभे असलेले माझे प्रशिक्षक कॅप्टन शंकरसिंग चौहान दोनदा म्हणाले, "शीतल, उतरू नको. पुन्हा वर घे." मला ते स्पष्ट ऐकू आले. तरीही घाबरून मी विमानाचे नाक खाली दाबले. पुढचे चाक मोडले, पंखा जमिनीला घासला.

२. दवाखान्यात आपण विचारले, "सूचना मिळाली होती का?" मी "नाही" म्हणाले. गावाने नुकताच माझा सत्कार केला होता. त्या क्षणी मला तेवढेच दिसत होते. रेडिओवरील बोलण्याचे ध्वनिमुद्रण नसल्याने माझ्या एका शब्दावर सर निलंबित झाले. मला मोडक्या विमानातून त्यांनीच ओढून बाहेर काढले होते.

३. पहिल्या अर्जावर कार्यालयाने कळवले की, सही झालेल्या जबाबात फक्त नाव व जन्मतारीख दुरुस्त होते. दुसरा अर्ज प्रवेशावेळच्या सहीशी सही जुळत नाही म्हणून परत आला. महोदय, माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी डाव्या हाताने लिहिते.

वडील म्हणतात, "पोरी, गप राहा. आता बोललीस तर तुला कोन इमानात बसू देईल?" आई म्हणते, "त्या सरांच्या घरी बी लेकरं असतील न्हाई का?" मी माफी मागायला सरांना फोन केला. मी माफी मागण्याआधी तेच म्हणाले, "हात कसा आहे?" तेव्हापासून मला जेवण जात नाही.

सोमवारी, दि. ८ रोजी अंतिम सुनावणी आहे. त्यानंतर माझे खोटेच कायमचे खरे ठरेल. दुरुस्तीची तरतूद नसेल तर माझ्यावर खोट्या जबाबाची कारवाई करा. माझे प्रशिक्षण बंद करा. परंतु सुनावणीत मला आत बोलवा, हात जोडून विनंती.

या अर्जाची प्रत आजच सरांना पाठवली आहे. आपण माझे म्हणणे नाकारले, तरी आता मला ते मागे घेता येणार नाही.

आपली अपराधी प्रशिक्षणार्थी,
(सही, डाव्या हाताची)
शीतल मुंजाजी खिल्लारे

सोबत : हाताच्या एक्स-रेची प्रत.