कल्पित रामटेके

३ सप्टेंबर १९६१, रविवार
मराठी मंडळाची सभा वामनरावांच्या क्वार्टरवर. वा. म्हणजे आमचे सेक्रेटरी, आणि प्लांटात फोरमन. दोन्हीकडे आवाज एकच. चौथा विषय रामटेकेचा सभासद-अर्ज. गेली दोन वर्षं मांडवाची सगळी वायरिंग हा इलेक्ट्रिशियन फुकट करून देतो. महाप्रसादाच्या दिवशी मात्र पंगत बसायच्या आधीच त्याच्या हातात डबा ठेवतात, घरी न्यायला. तो बौद्ध. दीक्षा घेण्याआधी कोणत्या जातीचा होता ते आमचे लोक विसरायला तयार नाहीत.

अर्ज मीच भरला होता, त्यानं सही केली. वा. म्हणाले, "नामंजूर कोण करून राहिलं? विचाराधीन ठेवू. मंडळाचे पाय तं रोवू द्या." एकेकट्यानं सगळे मला म्हणाले होते, तुमचं बरोबर हाये. सभेत हात वर माझा एकट्याचा. बाकीचे चिवडा खात बसले.

नवं गाव, नवा पोलादाचा कारखाना, रशियन इंजिनिअर. आणि आम्ही? पळसाला पानं तीनच.

६ सप्टेंबर
मंडळाचं हस्तलिखित लिहायला घेतलं. एकच प्रत निघते. गणपतीपुढे ठेवायची, मग घरोघर फिरवायची, दोन-दोन दिवस. वाचणाऱ्यानं शेवटच्या पानावर सही करायची. मी ड्रॉइंग ऑफिसातला, अक्षर बरं, म्हणून सगळ्यांचं साहित्य मी उतरवतो. पोलादावर सात कविता आल्या आहेत, सातही एकाच माणसानं लिहिल्यासारख्या. वा.चं संपादकीय 'आपण सारे एक'. ते उतरवताना निब मोडावीशी वाटली.

मधली चार पानं कोरी ठेवली. चित्र काढणार म्हणून सांगितलं.

९ सप्टेंबर
चार पानं भरली. शीर्षक 'विचाराधीन'. वायरिंग, डबा, पंगत, सभेतला चिवडा, सगळं. नाव बदलावं का, असं क्षणभर वाटलं. नाही बदललं. बदललं असतं तर माझ्यात आणि त्या चिवडेवाल्यांत फरक काय? रामटेके, राहणार कोहका, क्वार्टरांपलीकडचं खेडं. छातीठोक.

सु.ला वाचून दाखवलं. बायकोला आठवा लागलाय, पाय सुजलेले. म्हणाली, "लिवलं तं खरं. पण माह्या बाळंतपणाले वामनरावाच्या घरच्या काकूच येणार हायेत ना?" माझा पारा चढला. जेवलो नाही.

१४ सप्टेंबर
काल गणपती बसले. अंक पाटावर. सगळ्यांनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. उघडून एकानंही पाहिला नाही.

२४ सप्टेंबर
विसर्जन झालं. अंक फिरायला निघाला. यंदा सुरुवात कोहक्यातल्या घरांपासून. तिकडचे सभासद कुरकुरतात की आमच्यापर्यंत येईतो अंक फाटतो. मीच सुचवलं, कोहक्यातून सुरू करू. खरं कारण वेगळं. वा.च्या हाती जितका उशिरा पडेल तितका बरा. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

२९ सप्टेंबर
वा. घरी आले. हातात अंक, कोहक्यातूनच मागवून घेतलेला. बसले नाहीत. "ही चार पानं काढून टाका."
म्हटलं, एकच प्रत आहे. पानं काढली की लेख मेला.
"मंग तुमी एकटे शहाणे, अन् आमी सारे गधे?"
हो म्हणालो.
अंक टेबलावर आपटून गेले. जाताना, "राहा मंग एकटेच." मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, खरंच बरं वाटलं. अख्ख्या मंडळात कणा असलेला एक तरी माणूस आहे, वगैरे मनात मांडे खाल्ले.

३ ऑक्टोबर
शेजारपाजार गप्प. नळावर सु. गेली की बायका बादल्या उचलून निघतात. काकू चार दिवसांत फिरकल्या नाहीत. बाळंतविड्याची तयारी त्या करणार होत्या.

सु. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमाले ऑफिसात नकाशे हायेत. मले कोन हाये इथं? माय तिकडं भंडाऱ्याले, सासू नाही. मले लोकं पायजेत. चांगले असो का वंगाळ."
तिला म्हटलं, असल्या लोकांची गरज पडणं हाच दुबळेपणा. हे आठव्या महिन्यातल्या बाईला म्हटलं. मी.

६ ऑक्टोबर
सुटी झाल्यावर सायकल स्टँडवर रामटेके उभा होता. मला वाटलं, आभार मानायला आलाय. हो, तेच वाटलं.

कोहक्याच्या घरमालकानं त्याला खोली सोडायला सांगितली. अंक पहिल्याच घरी ओसरीवर मोठ्यानं वाचला गेला, दुसऱ्या दिवशी गावभर. विहिरीवर त्याच्या बायकोला घागर ठेवू दिली नाही. मालक एवढंच म्हणाला, "दूसर घर देख ले."

रामटेके ओरडला नाही. "तीन वर्सं झाले भाऊ त्या खोलीत. नागपूरवाला बिजलीवाला, येवढंच माहीत होतं त्याईले. त्याईनं पुसलं नाही, मी सांगतलं नाही. तुमी सांगतलं."

मी डब्याचं काढलं. अन्याय वगैरे.

"तो डबा मी रस्त्यातच गाईले चारत होतो. घरी एकडाव नाही नेला. तुमाले माहीत होतं? पुसलं असतं तं सांगतलं असतं. अन् मंडळात मले कुठं याचं होतं? तुमी फारम घेऊन आले, म्हटलं भाऊचं मन कावून मोडा."

मग वायरिंग फुकट का करतोस, विचारलं.

"पोरगी नाचते मांडवातले लाइट पाहून. तिच्यासाठी. अन् माह्यासाठी लिवलं म्हणता. मंग मले वाचून कावून नाही दाखवलं?"

सायकलचं कुलूप उघडत राहिलो. ते उघडलेलंच होतं.

७ ऑक्टोबर
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण माझं आणि भोगणार तो. मंडळावर चार पानं लिहिली, त्यात मी किती शूर ते दर परिच्छेदात आहे. रामटेके काय म्हणतो, ते एका ओळीतही नाही. आज पुन्हा वाचून पाहिलं. एका ओळीतही नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
वा. आले. या वेळी बसले, चहा घेतला. घरमालकाचा मुलगा त्यांच्या हाताखाली आहे. "मी बोलतो त्याच्याशी. राहून जाईल तो तिथंच. फक्त तुमी लिहून द्या, लेखातला रामटेके कल्पित हाये. तो कागद त्या पानांच्या जागी डकवू, अंक पुन्यांदा फिरवू. कोहक्यातूनच."
म्हटलं, हे खोटं आहे.
"हो. पण तो खोलीत राहील."
काकू मागोमाग आल्या, सु.च्या पायांना तेल लावून गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

ज्या माणसाला मी ढोंगी म्हणून रंगवलं, त्याच्या ढोंगानं रामटेकेचं छप्पर वाचतंय. माझ्या खरेपणानं ते गेलं. याचं काय करायचं, कोणी सांगेल का? आणि रामटेके कल्पित म्हणजे तो डबाही कल्पित, पंगतही कल्पित. पुढच्या वर्षी सगळं जसंच्या तसं.

१० ऑक्टोबर
ऑफिसातून आल्यावर लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. शेवटी एकच वाक्य राहिलं: 'सदर लेखातील रामटेके ही व्यक्ती कल्पित आहे.' सही केलेली नाही.

सु.नं कागद उचलून वाचला. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती म्हणाली, "हे तरी त्याले दाखवून आले का?"

वा. सात वाजता कागद न्यायला येणार. आता पावणेसहा. कोहका सायकलनं वीस मिनिटं. सायकल दाराबाहेर काढून ठेवली आहे, आणि मी आत बसून हे लिहितो आहे.