खाऱ्या पाण्याची बादली

बाबा, कुत्री वाचली. आधी तेच सांगते. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती मासळी सुकवायच्या ओट्यापाशी येऊन बसली आणि राहिली. आता म्हातारी झाली आहे. तिच्या गर्भाशयात पू झाला, तेव्हा माणगावच्या डॉक्टरबाईंनी ते काढून टाकलं. पोटावर वीतभर टाके. घरी पाठवताना त्या म्हणाल्या, "जखम कोरडी ठेवा. चाटू देऊ नका. बाकी काहीही लावू नका." गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा होता. तो दाराच्या चौकटींवर आपटत ती फिरायची आणि दमली की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

टाक्यांचं एक टोक लाल दिसू लागलं. फोन करायला हवा होता. त्याऐवजी मला तू आठवलास. मी लहान आहे, शिंगाळा माशाचा काटा तळपायात घुसलाय. तू माझा पाय खाऱ्या पाण्याच्या बादलीत दाबून धरतोस. "वरड पायजे तेवढी, पाय काढू नको." मी तुझे केस ओढते. तू हसतोस. "दर्यावरचं पोर आन् पाण्याला भितंय." दुसऱ्या दिवशी मी वाळूत पळत होते.

म्हणून मी किनाऱ्यावरून कॅन भरून आणला, पाणी फडक्यातून गाळलं आणि सकाळ-संध्याकाळ तिच्या टाक्यांवर ओतलं. ती हलली नाही. मी तिला धरलंही नव्हतं. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग टाके उसवले आणि आत मांस दिसलं.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून तिला नेलं. डॉक्टरबाईंनी भादरलेल्या केसांवरून बोट फिरवलं. पांढरं काहीतरी बोटाला लागलं.

"हे मीठ आहे?"

मी कॉलेजात शिकवते. शब्द शोधावे लागले नाहीत.

"घरी वडील आहेत," मी म्हणाले. "मासेमारीवाले. ऐकत नाहीत."

"या वयात परत भूल द्यायची म्हणजे उठेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना."

"सांगते."

दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले. ती उठली नाही तर ते तुझ्या नावावर जाणार होतं. तेवढा वेळ मला ते चाललं.

ती उठली. गेल्या खेपेला बाईंनी हसून विचारलं, "काय म्हणतात बाबा? हात लावत नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही, आता ऐकतात." घरी येताना वाटलं, निदान कुणाच्या तरी लेखी तू घरात आहेस. हा विचार बराच वेळ पुरला.

काल रात्रीच्या भातासाठी आधण ठेवलं आणि वाफ तोंडावर आली. त्या बादलीतूनही वाफ येत होती. तू दर्याचं पाणी चुलीवर तापवलं होतंस, आधी स्वतःचा हात घालून पाहिला होतास. "कढत पाण्याबिगर काट्याचं इख उतरत न्हाय." ते विषासाठी होतं. तू टाक्यांवर पाणी ओतलं नसतंस. बाईंनी नको म्हटल्यावर तर नाहीच.

उद्या टाके काढायचे आहेत. बाई तुझी चौकशी करतील. खरं सांगायचं म्हणून हे लिहायला बसले. लिहून झालं, आणि मला वाटतं, मी म्हणेन, बाबा बरे आहेत.