माद्यांचे आकडे

हैदराबाद

प्रिय आई, जय भीम.

माझी तब्येत बरी हाये, मेसचं जेवणही चांगलं हाये. फोनवर तू विषय बदलते, म्हणून लिहून राह्यली.

आज लॅबमधी मी माह्या संशोधनाच्या सरांसोबत भांडली. जखमी हृदयाच्या उंदराईले आम्ही ग्रोथ फॅक्टर देतो. ते शरीरातलंच द्रव्य, हृदयाले बळ देणारं. नरांचं हृदय सुधारलं, माद्यांचं नाई. सर म्हणते, "माद्यांचे आकडे गाळून टाक, उगाच गोंधळ होते." काऊन गाळू? माद्याईले हृदय नसते का?

तुह्या छातीत दुखलं, तं डॉक्टरनं न तपासता गॅस सांगतला. तू ओवा खाल्ला अन् वावरात गेली!

पत्र भेटल्याबरोबर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढजो.

अन् खरं सांगजो, बाबाच्या छातीत दुखलं असतं, तं ओवा देऊन त्याहिले वावरात धाडलं असतं का?

तुही,
रक्षा