'सावली' कोणी फोडली?

२१ एप्रिल, सोमवार

चोरी झाली आहे. सोनं नाही, गाडी नाही — माझ्या ओळी!

सकाळी दुकानात पहिला मोबाइल उघडून बसलो होतो. (आर्वी नाक्यावर दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो मी, रॅपने अजून पोट भरत नाही.) चहा यायच्या आत रील समोर आली. आष्टीचा धनंजय — तिकडचा रॅपर, बरा म्हणतो, हात फार हलवतो. शेताच्या धुऱ्यावर गॉगल लावून उभा, आणि काय म्हणतोय?

ऊन म्हणते, पळ लेका. मी म्हणतो, थांब!
माह्या सावलीलेबी आता सुटून राह्यला घाम!

या माझ्या ओळी आहेत. 'सावली' गाण्याच्या. ते गाणं अजून बाहेर आलेलंच नाही! मी आणि पियुष दोन महिने घासतोय. मी शब्द, तो ढोलकी आणि बीट. गाणं आहे फक्त दोन ठिकाणी — माझ्या वहीत आणि पियुषच्या लॅपटॉपवर.

वही माझी आहे. मग उरलं काय?



२२ एप्रिल

शांतपणे विचार करायचा ठरवलं. पियुष चोर असू शकत नाही. सातवीत होतो तेव्हा तो बोरगावात आमच्या घरी ढोलकी शिकायला यायचा, माझ्या बाबांकडे. बाबांची भीमगीतांची गायन पार्टी आहे, अख्खा जिल्हा पालथा घातलाय त्यांनी पेटी घेऊन. बाबा अजून म्हणतात, "पियुषचा हात गोड हाय." माझ्याबद्दल असं काही म्हटल्याचं आठवत नाही.

मी सकाळी छतावर तालीम करतो. खाली कडुलिंबाच्या झाडाखाली बाबा पेपर वाचत असतात. ओरडतात — "कोणाशी भांडून राह्यला रे वरतं?" हे त्यांचं माझ्या कलेबद्दलचं मत!

मागच्या महिन्यात एकदाच काहीतरी नीट विचारलं. "शेवटच्या कडव्यात तुयं नाव कुठी हाय?" त्यांच्या पार्टीचा तो नियम. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. दुसऱ्या कोणी गायलं तरी त्याने ते नाव गाळायचं नाही. "नाव गाळलं म्हंजे त्याच्या तोंडचा घास काहाडला." मी म्हटलं, बाबा, आमच्यात नाव सुरुवातीलाच ठोकतात. तर म्हणाले, "मंग लोकं तेवढं आइकूनच उठून जात असतीन."

हसले होते स्वतःच. मी नव्हतो हसलो.

२४ एप्रिल

धनंजयची दुसरी रील. आता तर हद्द झाली! यात एक कडवं आहे जे मी लिहिलेलंच नाही.

ज्याच्या घरी नाई कूलर, त्यानं झाड लावलं दारी;
त्याच्याच सावलीत उभी राह्यते कूलरवाल्याची गाडी!

चार वेळा ऐकलं. हे झाड आमचं आहे! मी जन्मलो त्या वर्षी बाबांनी लावलेला कडुलिंब. आणि गाडी समोरच्या प्रभाकररावांची — घरात दोन कूलर, आणि गाडी रोज दहाच्या ठोक्याला आमच्या झाडाखाली. आष्टीच्या धनंजयला हे कसं माहीत? तो बोरगावला कधी आलाय?

नाही आलेला. पियुष येतो. आठवड्यातून चारदा. त्याच झाडाला गाडी टेकवून उभा राहतो.

म्हणजे याने माझं गाणं नुसतं दिलं नाही. वर स्वतःचं कडवं जोडून दिलं. मला का नाही दाखवलं ते? मी नाही म्हटलं असतं म्हणून?

आणि खरी आग कशाची होते ते इथे लिहून टाकतो, इथे कोण बघतंय. ते कडवं चांगलं आहे. माझ्या कडव्यांपेक्षा चांगलं आहे.

२५ एप्रिल

धनंजयला मेसेज केला — कुठून उचललं? तासाभराने उत्तर: "भाऊ, हे तं आमच्याकडे सारे पोट्टे म्हणून राह्यले. मले वाटलं जुनं गाणं हाय."

जुनं! माझं न आलेलं गाणं जुनं! खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते.

२७ एप्रिल, रविवार

पियुषकडे गेलो. ठरवून गेलो होतो, एकदम विषय काढायचा नाही. त्याची बहीण समीक्षा पन्हं घेऊन आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "१७ तारखेला फोन नाही उचलला तू, कुठे होतास?"

"हिंगणघाटले. मावशीकडे."

समीक्षा म्हणाली, "हिंगणघाटले? दादा, तू तं आष्टीले गेलता ना?"

पियुषला ठसका लागला. पन्ह्याने कोणाला ठसका लागत नाही.

मग मी रील लावली. त्याने पूर्ण ऐकली, आणि — मी नीट बघत होतो — त्याला आश्चर्य वाटलं नाही. हसू येत होतं त्याला! मी म्हटलं, हे तुझंच काम आहे ना? तेव्हा कुठे चेहरा उतरला.

"रत्न्या, मी नाई देल्लं त्याले."

"मग आष्टीला कशाला गेला होतास? आणि लपवलंस का?"

त्याने पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. मग — "बुद्ध पौर्णिमेलोक थांब. मंग सांगतो. शब्द देल्ला मी."

कोणाला दिला ते सांगेना. मी चप्पल घालून निघालो. पन्हं तसंच राहिलं.

२८ एप्रिल

पौर्णिमेला काय आहे? दिवसभर डोक्यात तेच. एका गिऱ्हाइकाच्या फोनला दुसऱ्याच फोनचा स्क्रीन लावून बसलो.

२९ एप्रिल

कळलं! पौर्णिमेला ते दोघं मिळून 'सावली' टाकणार. पूर्ण गाणं, धनंजयच्या आवाजात. म्हणून थांब म्हणतो. तोवर मी गप्प बसायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या.

१ मे

आईला विचारलं, मी दुकानात असताना पियुष येतो का घरी?

"येते ना कधी कधी."

"येऊन काय करतो?"

"बसते." आणि लगेच शेगडीकडे वळली. गॅस बंद होता!

माझी वही कुठे असते? बाबांच्या पेटीच्या वरच्या फळीवर. म्हणजे हा येऊन बसतो आणि वहीचे फोटो काढतो. आणि आईला वाटतं, पोरगा बसलाय बिचारा.

बाबांना काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नाही, ते त्याचीच बाजू घेतील. शिवाय ते घरी असतात कुठे? जयंतीचा महिना सरला तरी यांचे कार्यक्रम सरत नाहीत. आज हे गाव, उद्या ते. रोज विचारायचंही सोडलंय मी.

वही आता गादीखाली ठेवतो. ही रोजनिशीपण.

४ मे, रविवार

रील टाकली. 'खबऱ्या'. फक्त मी, छत, आणि मागे पाण्याची टाकी.

ढोलकीवर थाप देते, पाठीमागं वार;
माह्यी वही वाचून झाला आष्टीवाल्याचा यार!

नाव घेतलं. सरळ घेतलं — पियुष. आमच्यात नाव घेतात.

'सावली'ला दोन महिने लागले. याला चाळीस मिनिटं.

५ मे

अठ्ठावीस हजार व्ह्यूज!

६ मे

एक लाख दहा हजार. आजवर केलेल्या सगळ्या गाण्यांचे मिळून एवढे झाले नव्हते. एस. टी. स्टँडवर दोन पोरं मला बघून "पाठीमागं वार" म्हणाली. खोटं कशाला, छाती फुगली.

दुपारी नागपूरहून फोन. प्रफुल नावाचा माणूस, कॉलेजांमध्ये कार्यक्रम लावतो. "शनिवारी ये. जोडी नाई पाह्यजे, तू एकटाच ये. 'खबऱ्या' पाह्यजे. भांडण चालते भाऊ लोकांले."

किती वर्षं वाट बघितली या फोनची. पियुष आणि मी मिळून बघितली होती. आला तर एकट्याला.

८ मे

समीक्षा दुकानात आली. रिचार्ज नको, काही नको, नुसती काउंटरला धरून उभी.

पियुष शाळेच्या हॉलमध्ये लहान पोरांना ढोलकी शिकवतो. पोरंच आता "खबऱ्या सर" म्हणतात म्हणे. क्लास बंद केला त्याने.

"रतनदादा, तो जेवून नाई राह्यला."

"मग खरं सांगून टाकू दे."

"सांगतो म्हणते ना पौर्णिमेले! शब्द देल्ला त्यानं कोणाले तरी. तुमच्या एवढ्या वर्षांत खोटं बोलला का तो कधी?"

"हिंगणघाट," मी म्हटलं.

ती गेली. वाद मीच जिंकला. तरी दिवसभर करमलं नाही. बाबांना हे अजून कळलेलं नाही, बरं आहे. त्यांच्या फोनला बटणं आहेत. आईचा फोन तर फक्त माझ्या मावशीसाठी असतो.

१० मे, शनिवार

नागपूर. सातआठशे पोरं. मी एक ओळ म्हटली की दुसरी ओळ पोरंच म्हणायची. माझे शब्द पहिल्यांदा दुसऱ्यांना पाठ होते! शेवटी सगळं सभागृह ओरडायला लागलं — "पियुष — खबऱ्या! पियुष — खबऱ्या!"

मी माइक पुढे धरला होता. धरायला नको होता की काय, माहीत नाही.

परत येताना बसमध्ये रेकॉर्डिंग ऐकलं, तेव्हा लक्षात आलं. 'खबऱ्या'च्या खाली जो ठेका वाजतोय तो पियुषचाच आहे. जुना, मागच्या वर्षीचा. माझ्याकडे दुसरा नव्हताच. अख्ख्या नागपूरने त्याच्याच ढोलकीवर त्याला शिव्या घातल्या.

पण चूक त्याची आहे. हे विसरून चालणार नाही.

११ मे

पियुषचा मेसेज. पंधरा दिवसांत पहिला. "उद्या सहा वाजता विहारात जायजो. काका गाणार हायेत. मी नाई येत."

बाबांचं गाणं ऐकायला मला विहारात कशाला पाठवतोय? चार लोकांसमोर माझी शोभा करायचा डाव असेल. काहीतरी शिजलंय नक्की. जाणार. मोबाइल खिशात रेकॉर्डिंगवर टाकून जाणार. पुरावा लागेल.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

बाबांनी पेटी ओढली आणि म्हणाले, "आता हे माह्या पोराचं गाणं. आष्टीले जयंतीत गायलो, तं लोकायनं मले दोनदा गायले लावलं."

आणि गायले. ऊन म्हणते, पळ लेका. माझे शब्द, छतावरून ऐकून ऐकून पाठ केलेले. मध्ये झाडाचं कडवं — ते बाबांचं. आणि शेवटच्या कडव्यात, जिथे तीस वर्षं त्यांचं स्वतःचं "बाबाराव" येतं, तिथे माझं नाव घातलं. "रत्नदीप सांगे तुम्हां." सगळं विहार वळून माझ्याकडे बघत होतं. आई रडत होती.

सतरंजीवर ढोलकी तशीच पडून होती. बाबा बसल्या जागेवरून हाक मारून म्हणाले, "पियुष कुठी हाय रे? आष्टीलेबी त्यानंच नेलं मले त्याच्या गाडीवर. तू दुकानात गेला का येऊन बसे, ताल बसवून दे. मीच शब्द घेतलता त्याच्याजोळून, पौर्णिमेलोक रत्न्याले सांगजो नको म्हणून."

मोबाइल खिशात रेकॉर्ड करत होता.

"उभा काय राह्यला? जाय, घेऊन ये त्याले. तुयं म्हणणं मोडत नाई तो."